असील : झुंजीच्या रिंगणातून प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात

कोलकात्याच्या नकाशावर खिदिरपूर शोधणे अवघड नाही. फोर्ट विल्यम आणि मैदान मागे टाकून दक्षिणेकडे निघाले की टॉलीचा नाला, म्हणजे जुनी आदिगंगा, ओलांडावी लागते. नाल्यापलीकडे हुगळीच्या बाजूस खिदिरपूर वसले आहे. त्याच्या पूर्वेला अलिपूर आणि तेथील प्रसिद्ध प्राणिसंग्रहालय. पश्चिमेस नदीच्या काठाने गेल्यास गार्डन रीच आणि मटियाबुर्ज. या दोन-तीन मैलांच्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींच्या शेजारी नांदल्या. मटियाबुर्जला पदच्युत राजाचा दरबार होता, अलिपूरला १८७६ साली प्राणिसंग्रहालय उघडले, आणि खिदिरपूरची गोदी १८९२ साली जहाजांसाठी खुली झाली. पशुपक्ष्यांशी माणसाचे जे नाते असते त्याची तीन रूपे येथे एकत्र पाहावयास मिळतात : शौक, अभ्यास आणि व्यापार. भारतातील सर्वांत नामांकित कोंबड्याची, म्हणजे असील जातीची, हकीकत या तिन्ही रूपांना स्पर्श करून जाते. म्हणूनच तिचा प्रारंभ खिदिरपूरपासून करणे सोयीचे ठरते.

नाव आणि रूप

'असील' हा शब्द अरबी आहे. ज्याचे मूळ शुद्ध आहे, जो कुळवंत आहे, तो असील. मराठीतील 'अस्सल' हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. एखाद्या पाखराला त्याच्या गावाचे किंवा रंगाचे नाव न देता त्याच्या कुळाचेच नाव द्यावे, यातच त्याच्या पालकांची दृष्टी स्पष्ट होते. त्यांना रंगापेक्षा, अंड्यांपेक्षा आणि मांसापेक्षाही वंश महत्त्वाचा वाटत होता.

असील पाहताक्षणी ओळखू येतो. त्याची छाती रुंद आणि उभी, मान लांब व भक्कम, खांदे पसरट आणि पाठ शेपटीकडे निमुळती होत गेलेली असते. शेपटी खाली झुकलेली असते. पाय जाड, सरळ आणि एकमेकांपासून दूर रोवलेले असतात. चोच आखूड व बळकट असते. डोक्यावर उंच करवतीसारखा तुरा नसतो. त्याऐवजी वाटाण्याच्या दाण्यांच्या तीन बारीक ओळी बसवाव्यात तसा ठेंगणा, घट्ट तुरा असतो. त्याला वाटाणातुरा म्हणता येईल. हनुवटीखाली लोंबणाऱ्या मांसल पाळ्या जवळजवळ नसतातच. पिसे थोडी, अरुंद आणि अंगाला घट्ट चिकटलेली असतात. छातीच्या हाडावर तर उघडी कातडी दिसते. प्रतिस्पर्ध्याला चोचीत धरता येईल असे या पाखराच्या अंगावर फारच थोडे उरले आहे. पिढ्यान्पिढ्या झुंजीसाठी केलेल्या निवडीचा तो परिणाम होय.

पूर्ण वाढलेल्या नराचे वजन चार ते पाच किलो आणि मादीचे तीन ते चार किलो भरते. रंगांवरून पोटजातींना नावे पडली आहेत : सोनेरी तांबूस तो पीला, काळा-तांबडा तो याकूब, पांढरा तो नूरी, काळा तो कागर, तपकिरी तो टीकर. आंध्र प्रदेश, ओडिशा आणि छत्तीसगड हे आज या जातीचे मुख्य प्रदेश मानले जातात. तथापि शौकिनांच्या हातून ती देशभर पोहोचली आहे.

लखनौहून मटियाबुर्जला

अवधच्या दरबारात कोंबड्यांची झुंज ही केवळ करमणूक नव्हती. ती एक शिस्तबद्ध कला मानली जाई. योहान झोफानी या चित्रकाराने १७८४ ते १७८६ या काळात लखनौमधील अशा एका सामन्याचे मोठे चित्र रंगवले. त्यात नबाब आसफउद्दौला आणि कर्नल मॉर्डंट यांच्याभोवती हिंदी व युरोपीय मंडळींची दाटी झालेली दिसते. राजकारणात एकमेकांना जोखणारी माणसे रिंगणाभोवती मात्र एकाच उत्सुकतेने वाकलेली आहेत.

१८५६ साली इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले आणि वाजिद अली शाह कलकत्त्यास आला. १८५७ च्या उठावाच्या काळात त्याला फोर्ट विल्यममध्ये कैदेत ठेवले होते. सुटका झाल्यावर त्याने मटियाबुर्ज येथे एक लहानसे लखनौच उभारले. गवई, शायर, शिंपी, आचारी, पतंगबाज आणि पाखरांचे शौकीन त्याच्यामागोमाग आले. त्याने स्वतः मोठा पशुपक्षिसंग्रह बाळगला होता. प्रसिद्ध उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर यांचे बालपण याच मटियाबुर्जमध्ये गेले. पुढे त्यांनी लखनौच्या संस्कृतीवर जी लेखमाला लिहिली, तीत कोंबडेबाजीला स्वतंत्र स्थान दिले आहे.

या परंपरेत पाखराची निगा हे मुख्य काम होते. कोंबड्याच्या अंगाची मालिश करणे, त्याच्या खुराकाची मापे ठरवणे, त्याच्या आऱ्या व चोच साफ करणे आणि झुंजीतल्या जखमांवर उपचार करणे यांत उस्तादांची आयुष्ये जात. दमलेल्या पाखरांना दोन्ही पक्षांच्या संमतीने उचलून विसावा देण्याची पद्धत होती. त्याला 'पानी' म्हणत. उस्तादाला आपल्या पाखराचा आजा-पणजा ठाऊक असे. ही वंशावळ कागदावर क्वचितच उतरली. ती त्याच्या स्मरणात राहिली. १८८७ साली वाजिद अली शाहचे निधन झाले. त्याची मालमत्ता विकली गेली आणि पदरची माणसे पांगली. स्मरणात राहिलेली विद्या माणसांबरोबर पांगते, हे येथे विसरता येत नाही.

याच्या उलट उदाहरण जवळच होते. अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयाचे पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सान्याल यांनी १८९२ साली बंगालच्या हवेत बंदिस्त पशुपक्ष्यांची निगा कशी राखावी यावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणता प्राणी काय खातो, कोणत्या ऋतूत आजारी पडतो, त्याची पैदास होते की नाही, याच्या नोंदी त्यांनी नेटाने ठेवल्या. उस्तादाचा हात आणि सान्यालांची वही या दोहोंचा मिलाफ झाला असता, तर असीलच्या कितीतरी जुन्या घराण्यांचा माग आज लागला असता.

रिंगणाऐवजी पिंजरा

असीलचा शौक ज्या झुंजीवर पोसला गेला तिची दुसरी बाजू लपवण्याचे कारण नाही. झुंज क्रूर असते. विदर्भातील कोंबडबाजारात पायाला काती बांधलेले कोंबडे काही क्षणांत एकमेकांना फाडतात, आणि भोवती जुगार रंगतो. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांना झुंजीस प्रवृत्त करणे हा गुन्हा ठरला. कायद्याचे हे पाऊल योग्यच आहे. परंतु त्यातून एक नवा प्रश्न उभा राहतो. जे पाखरू झुंजीसाठी घडवले, त्याचे झुंजीविना प्रयोजन काय?

इंग्लंडला हाच प्रश्न सव्वाशे वर्षे आधी पडला होता. तेथे १८३५ च्या कायद्याने झुंजींचे अड्डे बेकायदा ठरवले. झुंजीतला पैसा व अभिमान यांना दुसरी वाट हवी होती, आणि ती प्रदर्शनांत सापडली. जून १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले. नोव्हेंबर १८४९ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे असेच प्रदर्शन झाले. मग परीक्षकांना निकष हवेत म्हणून प्रत्येक जातीचे आदर्श वर्णन शब्दांत मांडण्यात आले. विल्यम टेगेटमायर यांनी संपादित केलेले असे पहिले इंग्रजी निकषपुस्तक १८६५ साली, आणि अमेरिकेतील निकषपुस्तक १८७४ साली निघाले. असीलला अमेरिकेच्या निकषपुस्तकात मात्र १९८१ पर्यंत वाट पाहावी लागली. तमिळनाडूतही पोपटासारखी वाकडी चोच आणि लांब शेपटी असलेल्या असीलांची प्रदर्शने भरतात. तेथे कोंबडे लढत नाहीत. परीक्षक त्यांची ठेवण पाहून क्रम लावतात.

कॉर्नवॉलमार्गे परत

असीलचा तिसरा धागा व्यापाराचा आहे, आणि तो सर्वांत अनपेक्षित ठिकाणी जाऊन पोहोचतो. बंगालच्या सैन्यात दीर्घकाळ नोकरी केलेले सर वॉल्टर गिल्बर्ट हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉल परगण्यातले. असील आणि इंग्लंडची झुंजार कोंबडी यांचा संकर करण्याचे श्रेय परंपरेने त्यांना दिले जाते. त्या संकरातून जी जात निर्माण झाली तिला इंग्लंडमध्ये 'इंडियन गेम' आणि अमेरिकेत 'कॉर्निश' हे नाव मिळाले. झुंजीत ती फारशी चमकली नाही. पण असीलची रुंद छाती तिच्यात पुरेपूर उतरली होती, आणि छाती म्हणजेच मांस.

१९४८ साली अमेरिकेत उद्याची आदर्श मांसल कोंबडी निवडण्याची मोठी स्पर्धा झाली. तीत चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांच्या, कॉर्निश रक्ताच्या संकराला पहिला क्रमांक मिळाला. आज जगभर विकली जाणारी ब्रॉयलर कोंबडी पितृपक्षाकडून मुख्यतः कॉर्निशची आणि मातृपक्षाकडून व्हाइट प्लिमथ रॉकची वंशज आहे. म्हणजे कोणत्याही गावातील चिकनच्या दुकानात टांगलेल्या कोंबडीत असीलचा एक दूरचा अंश असतो. ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंवर जाते. शुद्ध असीलचे पिलू वीस आठवड्यांत सव्वा किलोच्या आसपास पोहोचते आणि त्याला पूर्ण रूप येण्यास दोन वर्षे लागतात. नातवंडाने आजोबांना बाजारातून हुसकून लावावे, तसा हा प्रकार झाला.

तुऱ्याचे गणित

प्रदर्शनातला परीक्षक पाखराचे रूप पाहतो. पण रूपावरून वंश ओळखता येतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना कोंबड्यांनी विज्ञानाला मोठी मदत केली आहे.

डिसेंबर १८५५ मध्ये चार्ल्स डार्विनने देशोदेशींच्या परिचितांना पत्रे पाठवून पाळीव कोंबड्या व कबुतरे यांची कातडी मागवली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड ब्लिथ हे त्याचे एक महत्त्वाचे माहीतगार होते. सर्व पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून उत्पन्न झाल्या, असा निष्कर्ष डार्विनने १८६८ साली मांडला. तो बहुतांशी खरा ठरला. २०२० साली शेकडो पक्ष्यांच्या जनुकसंचांच्या अभ्यासातून असे दिसले की तांबड्या रानकोंबड्याची जी उपजात नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या भागात राहते, तीच मुख्य पूर्वज होय. पण डार्विनचे उत्तर संपूर्ण नव्हते. पुष्कळ पाळीव कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, हे २००८ साली सिद्ध झाले. हा पक्षी सह्याद्रीच्या जंगलांत राहतो. त्याची खरखरीत आरवणी महाराष्ट्रातील वनवाटांवर आजही ऐकू येते.

तुऱ्याची गोष्ट याहूनही उद्बोधक आहे. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या झाडांवरून सिद्ध झाले होते. ते प्राण्यांनाही लागू पडतात हे विल्यम बेटसन यांनी १९०२ साली कोंबड्यांवरील प्रयोगांतून दाखवले. त्यांच्या प्रयोगांतील इंडियन गेम म्हणजे आपल्या असीलचीच संतती. वाटाणातुऱ्याचे पाखरू साध्या, एकेरी तुऱ्याच्या पाखराशी जुळवले, तर पहिल्या पिढीतली पिल्ले वाटाणातुऱ्याचीच दिसतात. तुरा थोडा मोठा असतो इतकेच. त्या पिल्लांची आपसांत पैदास केली की सरासरीने चारांत एकाच्या डोक्यावर एकेरी तुरा पुन्हा उगवतो. एका पिढीत लपलेले दुसरीत उघड झाले.

पालकाला यातून मिळणारा धडा साधा आहे. अंगावर असीलच्या सर्व खुणा असलेले पाखरूही संकरित असू शकते. त्याचे कुळ त्याच्या स्वतःच्या डोक्यावर लिहिलेले नसते, ते त्याच्या पिल्लांच्या डोक्यांवर उमटते. परीक्षक एका दिवशी एक पाखरू पाहतो. पालकाला त्याची पोरे आणि नातवंडे पाहावी लागतात. म्हणून ज्याला असीलची जोपासना करायची आहे, त्याचे काम प्रदर्शनाच्या दिवशी सुरू होत नाही. ते अंड्यापासून सुरू होते.

अंडे आणि उबवण

असीलची मादी अंडी थोडी देते. सरकारी प्रक्षेत्रांवर वर्षाला ९० च्या आसपास अंडी मिळतात. घराच्या परसात त्याहून कमी. ती साधारण साडेसहा महिन्यांची झाल्यावर अंडी देऊ लागते. जोड लावताना नर आणि मादी दोघेही निरोगी, सरळ पायांचे आणि एकमेकांचे दोष न वाढवणारे असावेत. एका नराचा पाय किंचित वाकडा असेल तर त्याला तशाच पायाची मादी देऊ नये. अंड्यावर गोळा केल्याची तारीख आणि आईचा क्रमांक पेन्सिलीने लिहावा. उबवणीसाठी मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली अंडी निवडून टोकाची बाजू खाली ठेवून थंड जागेत साठवावीत. ती सात दिवसांहून अधिक जुनी झाल्यास पिल्ले निघण्याचे प्रमाण घटत जाते.

खुडूक झालेली असील मादी ही उत्तम उबवणारी असते. पुष्कळ शेतकरी इतर जातींची अंडीही तिच्याखाली ठेवतात. अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात टोपलीत भुसा किंवा वाळलेले गवत अंथरून तिच्याखाली आठ ते बारा अंडी ठेवतात. दिवसातून एकदा ती दाणापाण्यासाठी उठते. तेवढ्या वेळात अंडी किंचित निवतात आणि त्यांना ताजी हवा मिळते. ती स्वतःच चोचीने अंडी फिरवते. एकवीस दिवसांनी पिल्ले बाहेर येतात.

उबवणयंत्रात हीच कामे माणसाला करावी लागतात. पहिले अठरा दिवस यंत्रातील तापमान ३७.५ अंश सेल्सियसच्या आसपास आणि आर्द्रता ५५ ते ६० टक्के ठेवतात. अंडी दिवसातून अनेक वेळा फिरवावी लागतात, नाहीतर गर्भ कवचाच्या आतील पडद्याला चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात दिव्यापुढे अंडे धरून पाहिले, तर फलित अंड्यात कोळ्यासारखे तांबूस शिरांचे जाळे दिसते. अफलित अंडे स्वच्छ उजळते. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणे थांबवतात आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर नेतात. खिदिरपूरसारख्या नदीकाठच्या वस्तीत पावसाळ्यात हवा ओलीच असते. तेथे यंत्रात आर्द्रता वाढवण्यापेक्षा ती ताब्यात ठेवणे कठीण जाते. अंड्याचे वजन अठरा दिवसांत सुमारे ११ ते १३ टक्के घटले पाहिजे. हवा फार ओली राहिली तर ते पुरेसे घटत नाही, आतली हवेची पोकळी लहान राहते आणि पिलू कवच फोडण्यापूर्वीच गुदमरते. तराजू हा म्हणूनच उबवणाऱ्याचा सर्वांत विश्वासू सोबती होय.

पिल्लांचे संगोपन

असीलच्या पिल्लाला पिसे उशिरा येतात. त्यामुळे थंडी त्याला लवकर बाधते. पहिल्या आठवड्यात त्याच्या उंचीवर सुमारे ३५ अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत नेतात. पिल्ले दिव्याखाली गर्दी करून चिवचिवली तर त्यांना थंडी वाजते आहे; कडेला पसरून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त झाली आहे. तापमापकाइतकेच पिल्लांच्या बसण्याकडे लक्ष द्यावे. जमिनीवर भाताच्या तुसाचा कोरडा थर असावा. तो ओला राहिला की रक्ती हगवण येते.

रोगांमध्ये मानमोडीचे भय सर्वांत मोठे. या रोगाचे शास्त्रीय वाङ्मयातील भारतीय नाव 'राणीखेत' असे आहे, कारण त्याचे वर्णन येथे प्रथम त्या गावाजवळील प्रादुर्भावावरून झाले. पहिल्या आठवड्यातील लस आणि पुढे दीड-दोन महिन्यांनी दिलेली दुसरी लस यांनी त्यापासून संरक्षण मिळते. देवीच्या रोगासाठी वेगळी लस आहे. लसीचा दिवसही त्याच वहीत लिहावा, जिच्यात अंड्याची तारीख लिहिली आहे.

मात्र असीलचे खरे वेगळेपण यापुढे जाणवते. इतर जातींची पिल्ले आठवडेच्या आठवडे एकत्र वाढवता येतात. असीलची पिल्ले लहान वयातच एकमेकांवर उठतात, आणि वाढत्या नरांना वेगळे करावेच लागते. मोठ्या नराला स्वतंत्र खुराडे द्यावे लागते, आणि दोन खुराड्यांमध्ये आडोसा असावा लागतो. नाहीतर जाळीतूनही ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात. माणसाशी मात्र हेच पाखरू अत्यंत निरुपद्रवी असते. ते हातात घेतले तरी शांत राहते.

प्रदर्शनाची तयारी

प्रदर्शनासाठी पाखराची निवड काही महिने आधी होते. पिसे गळून नवी आलेली असावीत. पाखराला पिंजऱ्याची सवय लागावी म्हणून काही आठवडे रोज थोडा वेळ त्यात ठेवतात, हाताळतात आणि सरळ उभे राहण्यास शिकवतात. घाबरून कोपऱ्यात दबलेल्या असीलचे कोणतेही सौंदर्य परीक्षकाला दिसत नाही. पाय कोमट पाण्याने धुऊन खवल्यांतील मळ मऊ ब्रशाने काढतात आणि किंचित तेल लावतात. पिसे घट्ट असल्यामुळे असीलला आंघोळ घालण्याची गरज कमी पडते. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवले की पुरते.

परीक्षक प्रथम दुरून उभे राहण्याची ढब पाहतो, मग पाखरू हातात घेतो. असीलच्या बाबतीत हे हाताळणे डोळ्यांनी पाहण्याइतकेच निर्णायक असते. दिसण्यापेक्षा जड लागणारे, मांस घट्ट असलेले आणि हाडांची सममिती राखणारे पाखरू श्रेष्ठ ठरते. डोळा मोत्यासारखा फिका असावा, तुरा तीन ओळींचा आणि ठेंगणा, पायांची बोटे सरळ. एकेरी तुरा, लोंबती पाळी किंवा भरगच्च सैल पिसे संकराची साक्ष देतात.

येथे एक धोका ध्यानात घ्यावा लागतो. प्रदर्शन ज्या गुणाला बक्षीस देते तो गुण वाढत जातो, आणि ज्या गुणाकडे परीक्षक पाहत नाही तो नकळत ओसरतो. खुडूक होण्याची वृत्ती, पिल्लांची काळजी, उन्हापावसात तगून राहण्याची ताकद यांना पिंजऱ्यात गुण मिळत नाहीत. चोच अधिकाधिक वाकडी किंवा शेपटी अधिकाधिक लांब करत गेल्यास पाखरू चित्रासारखे दिसेल, पण जगण्यास असमर्थ ठरेल.

थोड्यांचे ओझे

एखाद्या जातीत किती पाखरे उरली आहेत, एवढेच मोजून तिचे भवितव्य कळत नाही. किती नर आणि किती माद्या पुढच्या पिढीला जन्म देतात, हे पाहावे लागते. त्यासाठी एक सोपे सूत्र आहे. नर व मादी यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करावी आणि तिला त्यांच्या बेरजेने भागावे. जे उत्तर येईल तितकीच पाखरे वंशाच्या दृष्टीने खरोखर आहेत असे समजावे.

एक नर आणि दहा माद्या असल्या तर उत्तर येते ३.६. अकरा पाखरे असूनही वंश जेमतेम चारांचा. आता माद्या दहाच्या पन्नास केल्या, तरी उत्तर ३.९ एवढेच येते. चाळीस माद्यांचे दाणापाणी जवळजवळ वाया गेले. त्याऐवजी माद्या दहाच ठेवून नर पाच केले, तर उत्तर १३.३ वर जाते. पहिल्या कळपात जवळच्या नात्यातील संकराचे प्रमाण दर पिढीला सुमारे पावणेचौदा टक्क्यांनी वाढते, शेवटच्या कळपात पावणेचार टक्क्यांनी. या वाढीबरोबर अंड्यांतून पिल्ले निघणे कमी होते, पिल्ले कमकुवत होतात आणि रोग बळावतात.

याचा अर्थ असा की असीलचा वंश टिकवायचा असेल तर नर पुष्कळ हवेत. आणि असीलचे नर एकत्र राहत नाहीत. प्रत्येकाला वेगळे खुराडे, वेगळा दाणा, वेगळी निगा. ज्या गुणामुळे असील असील ठरला, तोच गुण त्याचे जतन महाग करतो. झुंजीच्या काळात शौकीन पंधरा-वीस नर आनंदाने पोशीत, कारण त्यांतला कोणता रिंगण गाजवील हे आधी सांगता येत नसे. रिंगण बंद झाल्यावर त्या पंधरांना कोण पोसणार? प्रदर्शन त्यांपैकी एकाला पदक देते. उरलेले चौदा बाजाराची वाट धरतात.

जातींचे मोठे नुकसान एका फटक्यातही होऊ शकते. भारतात बर्ड फ्लूचा पहिला मोठा प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. महाराष्ट्र-गुजरात सीमेवरचा हाच टापू 'बुसरा' या देशी जातीचे घर आहे. जानेवारी २००८ मध्ये बीरभूमपासून सुरू झालेली साथ पश्चिम बंगालच्या अनेक जिल्ह्यांत पसरली, आणि परसातल्या कोंबड्याही त्यात गेल्या. नदिया परिसरातील हरिणघाटा ब्लॅक ही बंगालची स्वतःची जात अशाच परसांवर अवलंबून आहे. साथ आटोक्यात आणण्यासाठी पाखरे मारणे अटळ असते. परंतु एखादी जात एकाच टापूत, थोड्याच अंगणांत असेल, तर त्या उपायातच तिचा अंत होऊ शकतो. यासाठी तिचे कळप दूरदूरच्या ठिकाणी विखुरलेले असावे लागतात.

सरकारी पातळीवर काही काम झाले आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो देशी जातींची नोंदणी करतो. असील, बुसरा व हरिणघाटा ब्लॅक या तिन्ही त्या यादीत आहेत. इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलच्या संकरातून परसात पाळण्याजोगी 'निर्भीक' ही कोंबडी तयार केली. अशा संकरांमुळे असीलला नवे प्रयोजन मिळते, कारण संकर चालू ठेवायचा तर शुद्ध मूळ वंशही राखावा लागतो. मात्र शेतकऱ्याने संकरित पाखरांचीच पुढे पैदास केली, तर मूळ वंश पुसट होण्यास वेळ लागत नाही.

जेथे एके काळी अवधच्या पदच्युत राजाचा दरबार भरत असे, त्या मटियाबुर्जमध्ये आज शिवणकामाची गजबज आहे, आणि खिदिरपूरच्या गोदीत मालवाहू जहाजे लागतात. त्या काळचे उस्ताद आणि त्यांची पाखरे यांतले काही उरलेले नाही. तरी असील उरला, कारण ठिकठिकाणी कुणी ना कुणी पदक न मिळालेल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या नरालाही खुराडे दिले. जातीचे भवितव्य पिंजऱ्यातल्या विजेत्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, घराच्या मागील बाजूस आडोशाने वेगळे ठेवलेल्या त्या नरांवर आणि त्यांचे जन्म, जोड व लस यांच्या नोंदी असलेल्या वहीवर अवलंबून असते.